ऊन सरकलं, आता काय करू?

गेल्या अंकात या सदरात मी जरा हट्टानंच लिहिलं होतं की, निसर्गचित्र शिकायचं तर बाहेर पडा आणि जागेवर बसूनच काढा. त्यावर पुष्कळ पत्रं आली, काही प्रेमाची, काही भांडणाची. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत, नावं कोणाचीच छापलेली नाहीत. 'सोबत चित्र जोडलंय, दहापैकी किती गुण द्याल?' अशा पत्रांना मात्र उत्तर मिळणार नाही. चित्राला गुण देण्याचं काम मी कधी केलं नाही, आता या वयात सुरू करणार नाही.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे, जलरंगात काम करते. सकाळी बसते तेव्हा झाडाची लांब सावली रस्ताभर पसरलेली असते. रंगवून होईस्तोवर ती आखडते, भलत्याच बाजूला जाते. मग मी सावल्या दुरुस्त करत बसते आणि चित्राचा चिखल होतो. वेग कसा वाढवू?

उत्तर : वेग वाढवूच नका. तुमचा हात पुरेसा चालतो, हे तुमच्या पत्रावरूनच कळतं. घोळ असा आहे की तुम्ही एकाच कागदावर तीन वेगवेगळ्या वेळा रंगवताय. आठ वाजताचं आकाश, नऊचं झाड आणि दहाची सावली.

सूर्य आकाशात तासाला १५ अंश सरकतो. सकाळी तो क्षितिजापासून १५ अंश वर असतो तेव्हा झाडाची सावली झाडाच्या उंचीच्या जवळजवळ पावणेचार पट लांब पडते. तोच ३० अंशांवर आला की पावणेदोन पट, आणि ४५ अंशांवर झाडाएवढीच. म्हणजे सकाळच्या वेळी सावली नुसती सरकत नाही, बघता बघता निम्म्याहून कमी होते. तिच्यामागे ब्रश घेऊन धावण्यात अर्थ नाही.

म्हणून बसल्याबरोबर पहिलं काम सावल्यांचं. झाड कुठे पळून जात नाही, घर जात नाही. जाणार आहे ती सावली. पेन्सिलीनं तिच्या कडा आधी आखून टाका, झाडाच्याही आधी. एकदा आखल्या की त्या बाबतीत समोर बघणं बंद. नंतर समोर काहीही होवो, तुमच्या चित्रात साडेआठच वाजलेले आहेत. मी कागदाच्या कोपऱ्यात वेळ लिहून ठेवतो आणि ऊन कुठून येतंय त्याचा बाण काढतो. तासाभरानं डोळा भुलायला लागला की तो बाण कामाला येतो.

सावली रंगवताना ती झाडापासून तोडू नका. झाडाची काळोखी बाजू, खोड आणि जमिनीवरची सावली हा सगळा एकच आकार समजा. मोठा ब्रश भरून घ्या आणि ओल्यात ओलं, म्हणजे आधीचा रंग वाळायच्या आत पुढचा, चालवत वरून खाली उतरा. खोडाच्या बुंध्याशी सावलीची कड धारदार असते. फांद्यांची सावली जसजशी लांब पडते तसतशी तिची कड विरत जाते, कारण सूर्य हा बिंदू नाही, आपल्याला अर्ध्या अंशाची दिसणारी तबकडी आहे. सावलीपासून १० मीटर दूर असलेल्या फांदीच्या सावलीची कड त्यामुळे सुमारे ९ सेंटिमीटर पसरते. रंगही एक राहत नाही. उघड्यावर पडलेल्या सावलीत वरून आकाशाचा उजेड येतो म्हणून ती निळसर होते. झाडाच्या पोटाखाली तीच सावली हिरवट, तपकिरी आणि उबदार असते. आणि कवडसे नीट बघा. पानांमधल्या फटी वाकड्यातिकड्या असल्या तरी जमिनीवरचे कवडसे गोल किंवा लंबगोल पडतात, कारण त्यातला प्रत्येक कवडसा ही सूर्याचीच प्रतिमा असते. पुष्कळ लोक तिथे पानांच्या आकाराचे ठिपके मारतात. ते ठिपके दिसले की चित्र घरी बसून केलंय हे मला लगेच कळतं.

वेळेचं हे दुखणं तुमचं एकटीचं नाही. पिएर-आंरी द व्हॅलेन्सिएन या फ्रेंच चित्रकारानं १८०० सालीच लिहून ठेवलं आहे की, निसर्गावरून करायचा अभ्यास, म्हणजे जागेवरचं सरावाचं चित्र, फार तर दोन तासांत आटपावा, आणि सूर्योदय-सूर्यास्ताचा असेल तर अर्ध्या तासात. मी जलरंगाला दीड तास पुष्कळ समजतो. तेवढ्यात झालं नाही तर कागद मिटा आणि उद्या त्याच वेळी या. क्लोद मोने हा फ्रेंच चित्रकार हेच करी, फक्त तो सोबत बरेच कॅनव्हास ठेवी आणि उजेड बदलला की पुढचा उचली. पॉप्लरच्या झाडांच्या मालिकेतल्या एका चित्राला सातच मिनिटं मिळत, एका ठरावीक पानावरून ऊन हलेपर्यंत. ही आठवण त्याची चित्रकार शेजारीण लिला कॅबट पेरी हिनं लिहून ठेवली आहे. ती झाडं तोडली जाणार होती, तर यानं लाकडाच्या व्यापाऱ्याला पैसे भरून तोड लांबवली. त्याच्या आधी, १८८९ मध्ये, फ्रान्समधल्या क्रझ नदीच्या खोऱ्यात तो एक निष्पर्ण ओक रंगवत होता. चित्र पुरं व्हायच्या आत वसंत आला, झाडाला पालवी फुटली. मोनेनं मालकाची परवानगी काढली, माणसं लावली आणि पानं खुडून टाकली. हे मात्र तुम्ही करू नका.

जॉन सिंगर सार्जंट या अमेरिकन चित्रकाराचं उदाहरण जास्त सोज्वळ आहे. बागेत कागदी कंदील लावणाऱ्या दोन मुलींचं त्याचं मोठं चित्र १८८५ ते १८८६ असं चाललं, कारण त्याला हवा तो जांभळट संधिप्रकाश रोज काही मिनिटंच टिकायचा. तेवढ्यापुरतं सगळं मांडायचं, रंगवायचं, उचलायचं. खरे गुलाब संपले तेव्हा त्यानं खोटी फुलं लावली.

एकाच जागी परत परत बसण्यात कमीपणा मानू नका. चित्रकार आबालाल रहिमान यांनी कोल्हापूरचं कोटितीर्थ तळं पुन्हा पुन्हा रंगवलं. त्यांना दुसरी जागा माहीत नव्हती असं थोडंच आहे!

प्रश्न : सर, मी कला महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. जागेवर जाऊन फोनवर फोटो काढला आणि घरी शांतपणे रंगवलं तर काय बिघडतं? उजेड बदलत नाही, डास चावत नाहीत, रेखाटनही अचूक येतं. आमच्याकडे बहुतेक सगळे असंच करतात.

उत्तर : बिघडत काही नाही. फक्त तू मग निसर्ग रंगवत नाहीस, फोटो रंगवतोस, आणि निम्मे निर्णय आधीच फोननं घेतलेले असतात.

एकदा असं कर. भर उन्हात एखाद्या मोठ्या झाडासमोर उभा राहा आणि त्याच्या सावलीत टक लावून बघ. थोड्या वेळानं डोळा रुळतो आणि आत दगड, मुळं, वाळलेली पानं, त्यांचे जांभळट-तपकिरी रंग सगळं दिसायला लागतं. मग मान वर कर, आकाशाचा निळाही तितकाच भरलेला दिसेल. आता फोटो काढ. साध्या फोटोत दोन्हींपैकी एक जातं. सावली सांभाळली तर आकाश पांढरं फटक, आकाश सांभाळलं तर सावलीच्या जागी काळं भोक. हल्लीचे फोन त्यावर उपाय म्हणून चार-सहा फोटो एकात मिसळतात. मग होतं काय, तर सावली राखाडी होऊन वर येते, आकाश खाली दबतं आणि उन्हाचा जो तडाखा बघून तू थांबला होतास तोच नाहीसा होतो. त्यावरून चित्र करणाऱ्याला वाटतं, माझे रंग मेलेले का?

दुसरं, फोनचं मुख्य भिंग बरंच रुंद बघणारं असतं. समोरचा डोंगर अंगावर आल्यासारखा वाटला म्हणून तू बसलास. फोटोत त्याची टेकडी झालेली असते, कारण चौकटीत आजूबाजूचं भाराभर शिरलेलं असतं आणि पायापाशी रस्ता पसरलेला असतो. रेखाटन अचूक येतं म्हणतोस, ते खरं. पण डोंगर चौकटीत केवढा घ्यायचा हे तू ठरवलंच नाहीस.

माझं खरं भांडण तिसऱ्याच गोष्टीशी आहे. फोटोत प्रत्येक पान सारख्याच इमानानं आलेलं असतं, आणि घरी वेळही भरपूर असतो, म्हणून तू सगळी पानं काढत बसतोस. जागेवर ऊन चाललेलं असतं. पहिल्या पाच मिनिटांत ठरवावं लागतं की माझं हे चित्र कशाचं आहे: त्या उजळ भिंतीचं, की भिंतीवर पडलेल्या फांदीच्या सावलीचं, की मागच्या धुक्याचं. भिंतीचं असेल तर झाडाला दोन फटकारे पुरतात. हा सराव घरी होत नाही, कारण घरी कोणी तुला घाई करत नाही.

फोटो मीही काढतो. गुरं, होड्या, वाटेनं जाणारी माणसं, कोणी थांबत नाही. पण आधी पोस्टकार्डाएवढा अभ्यास रंगात कर, फोटो नंतर. घरी मोठं चित्र करताना अभ्यास समोर ठेव आणि फोटो कपाटात. बैलगाडीच्या चाकाला आरे कसे बसवलेत एवढं बघण्यापुरता काढ आणि परत आत ठेव. जॉन कॉन्स्टेबल या इंग्लिश चित्रकारानं १८२१-२२ मध्ये लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला ढगांचे कितीतरी अभ्यास तैलरंगात केले आणि पाठीमागे तारीख, वेळ, वारा कुठून वाहतोय हे लिहून ठेवलं. तारीख-वेळ तुझ्या फोनलाही कळते. वाऱ्याचं तू लिही.

प्रश्न : समोरची झाडं चित्रात इकडची तिकडे केली तर चालतं का?

उत्तर : चालतं. विजेचा खांब काढून टाकला तरी चालतं, जरी मला खांब आवडतात. सरळ उभी रेघ आयतीच मिळते. डोंगराची धार मात्र जपून हलवा. सरकलेलं झाड कोणाच्या लक्षात येत नाही, पण डोंगराची धार त्या भागातल्या माणसाला पाठ असते, आणि तो नेमका तुमच्या मागे येऊन उभा असतो.

प्रश्न : हाच माझा प्रश्न आहे! मी बाहेर चित्र काढायला बसले की मागे लोक जमतात. 'हे काय काढताय?' 'ते घर तर असं नाहीये.' हात थरथरायला लागतो. एकटी बाई म्हणून जरा धास्तीही वाटते.

उत्तर : धास्तीचं आधी. सुरुवातीला कोणाला तरी बरोबर न्या. चित्र न काढणारं माणूसही चालेल, पुस्तक वाचत बसेल. पाठीशी भिंत किंवा जाड बुंधा येईल अशी जागा निवडा, म्हणजे मागे कोणाला उभंच राहता येत नाही. खासगी आवार असेल तर विचारून बसा. परवानगी घेतलेली असली की निम्मी धाकधूक जाते.

बाकी बघ्यांचं म्हणाल तर पहिला अर्धा तास कोणाचंही चित्र ओंगळच दिसतं, माझंही. 'आत्ताच सुरू केलंय' एवढं म्हणायचं आणि मान खाली. लहान मुलं फारच घोटाळायला लागली तर एकेक कोरा कागद आणि पेन्सिल द्या. दहा मिनिटांत ती तुम्हाला विसरतात. मोठ्यांना विसरायला लावण्याचा उपाय मला अजून सापडलेला नाही.

प्रश्न : माझी सगळी चित्रं हिरवी होतात. पावसानंतर निसर्ग हिरवा असतोच, पण माझा हिरवा बघून नवरा म्हणतो, टाकीत शेवाळ साचलंय. सॅप ग्रीन आणि व्हिरिडियन हे दोन्ही तयार हिरवे वापरून पाहिले.

उत्तर : दोन्ही काही दिवस पेटीतून बाहेर काढा. रंग वाईट नाहीत. तयार हिरवा हाताशी असला की आपण समोरचं बघणं सोडून देतो, एवढंच.

निळा आणि पिवळा मिसळून सुरू करा. अल्ट्रामरीन हा निळा आणि यलो ऑकर हा मातकट पिवळा यांतून मळकट, राखाडीकडे झुकणारा हिरवा निघतो, तो लांबच्या झाडीला बसतो. प्रशियन ब्लूमध्ये बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी घातला की जवळच्या दाट झाडाचा खोल काळोख मिळतो. आणि लेमन यलोमध्ये चिमूटभर काळा घालून बघा. निळा मुळीच नसताना ऑलिव्हसारखा हिरवा तयार होतो. काळा वापरायचा नाही असं शिकवणाऱ्यांनी हे एकदा करून बघावं.

तरीही हिरवा बोचत असेल तर एक चाचणी आहे. कागदाच्या अरुंद पट्टीच्या अगदी टोकाला तुमचा मिसळलेला रंग लावा. हात लांब करून ती पट्टी समोरच्या झाडावर धरा, ते टोक झाडाला टेकल्यासारखं दिसलं पाहिजे. झाड उन्हात असेल तर पट्टीवरही ऊन पडू द्या. एक डोळा मिटा. बहुतेक वेळा पट्टीवरचा हिरवा ओरडत असतो आणि झाड बिचारं करडं असतं. मग रंगात थोडा लाल, थोडा बर्न्ट सिएना घालत जा, पट्टीचं टोक झाडात हरवेपर्यंत. ही खटपट पहिल्या काही चित्रांतच करावी लागते, नंतर डोळा आपोआप करतो.

एकाच झाडात तीन-चार हिरवे असतात, तेही शोधा. वरच्या, आकाशाकडे तोंड केलेल्या पानांवर आकाश चकाकतं, ती निळसर राखाडी दिसतात, कधी कधी तर पांढरट. ज्या पानांच्या पाठीमागून ऊन आरपार येतं ती पिवळीधमक होतात. म्हणून सूर्याकडे तोंड करून बसलात तर झाड वेगळं दिसतं आणि पाठ करून बसलात तर वेगळं. लांबच्या झाडीतला पिवळा हवेत विरून जातो आणि ती निळीकडे झुकते. हे लिओनार्दोनंही लिहून ठेवलं आहे, पण लिओनार्दो वाचायची गरज नाही, खिडकीतून बघा.

आणि हिरव्याच्या आधी उजळ-गडदपणा. जॉन कार्लसन या अमेरिकन निसर्गचित्रकारानं याचा फार सुटसुटीत हिशेब मांडला. उजेड वरून येतो, म्हणून आकाश सगळ्यात उजळ. त्याच्याकडे तोंड करून पसरलेली सपाट जमीन त्याखालोखाल. उतार त्याहून गडद. आणि उभी झाडं सगळ्यात गडद. बर्फ असलं, वादळी आभाळ असलं की हा हिशेब उलटापालटा होतो, पण एरवी तो बरोबर निघतो. डोळे किलकिले करून बघा: शेत आणि झाड दोन्ही हिरवं असूनही शेत वर येतं, झाड खाली बसतं. तुमच्या चित्रात बहुधा दोन्ही एकाच पायरीवर असतील. शेवाळ दिसतं ते त्यामुळे. नवऱ्याची नजर चांगली आहे, त्यांना बरोबर घेऊन जात जा.

तैलरंगात काम करत असाल तर कॅनव्हासवर आधी बर्न्ट सिएनाचा पातळ हात देऊन वाळू द्या. हिरव्या फटकाऱ्यांच्या मधून तो तांबूस रंग कुठे कुठे डोकावतो आणि हिरव्याला शांत करतो.

प्रश्न : बाहेर काम करायला काय काय सामान लागतं? यादी द्यावी.

उत्तर : यादी देत नाही. यादी दिली की लोक दुकानात जातात, बाहेर जात नाहीत. एका खेपेत, एका खांद्यावर मावेल तेवढंच न्या. दोन रंगपेट्यांचा मोह झाला तर एक घरी ठेवा.

एके काळी हेही सोपं नव्हतं. तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून न्यायचे, टोचून भोक पाडायचं, आणि मग ते भोक धड बंद होत नसे. १८४१ मध्ये लंडनमध्ये राहणाऱ्या जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकारानं दाबता येणाऱ्या कथलाच्या ट्यूबचं पेटंट घेतलं आणि चित्रकार खिशात रंग घालून हिंडू लागले. शार्ल-फ्रांस्वा दोबिन्यी या फ्रेंच चित्रकारानं १८५७ मध्ये एका होडीचीच चित्रशाळा केली आणि नदीतून फिरत राहिला. पुढे मोनेनंही तशी होडी केली. तुमच्याकडे होडी नसेल असं धरून चालतो.

जलरंगाला कागद ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड) घ्या, म्हणजे ओला झाल्यावर पापडासारखा वळत नाही. आकार लहान ठेवा. एक मोठा गोल ब्रश, एक चपटा, एक लांब केसांचा बारीक. पाणी मात्र कंजूषपणा न करता न्या. दमट हवेत वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, वाळता वाळत नाही आणि कोरड्या उन्हात ब्रश टेकायच्या आत वाळतो. पाण्याचं प्रमाण रोज वेगळं लागतं.

यादीत कोणी लिहीत नाही ती गोष्ट म्हणजे सावली, तुमच्या कागदावरची. कागदावर ऊन पडलं की तो इतका झगझगतो की तुम्ही सगळे रंग गडद लावता, आणि घरी आल्यावर चित्र अंधारकोठडी दिसतं. छत्री लावा, पण पांढरी किंवा राखाडी. लाल छत्रीखाली कागदही लाल होतो. भडक सदऱ्याचंही तेच, त्याची झाक कॅनव्हासवर पडते. काळा चष्मा काढून ठेवा, टोपी घाला.

वारा असेल तर ईझलच्या (चित्र ठेवायच्या तिपाईच्या) मध्याला पिशवी टांगून तिच्यात दगड भरा. दक्षिण फ्रान्समधल्या आर्लच्या वाऱ्यात व्हॅन गॉग ईझलच्या पायांशी लोखंडी मेखा ठोकून ते दोरीनं जखडून टाकायचा. एवढं करूनही निसर्ग चित्रात शिरतोच. मोनेनं १८७० मध्ये ट्रूव्हिलच्या किनाऱ्यावर केलेल्या एका चित्राच्या रंगात वाळूचे कण अडकलेले आहेत. व्हॅन गॉगच्या १८८९ मधल्या ऑलिव्हच्या झाडांच्या चित्रात टोळाचे अवशेष आहेत. कॅन्सस सिटीच्या संग्रहालयात भिंगाखाली बघताना ते सापडले आणि २०१७ मध्ये जगाला कळलं. आजूबाजूच्या रंगात धडपडीची खूण नाही, म्हणजे टोळ आधीच मेलेला होता. तुमच्या ओल्या रंगात चिलट बसलं तर लगेच बोट लावू नका, वाळल्यावर टोकानं उचला, सहज निघतं.

येताना टर्पेंटाइन, रंगाचं पाणी, फडकी सगळं परत आणा. झाडाच्या बुंध्याशी ओतायचं नाही. जवसाच्या तेलाची फडकी तर चुरगाळून ढीग करून ठेवूच नका. ती आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा.

प्रश्न : जागेवर सुरू केलेलं चित्र घरी पूर्ण केलं तर ती लबाडी होते का? आमच्या गटात यावरून वाद झाला.

उत्तर : होत नाही. कॉन्स्टेबलची मोठमोठी चित्रं चित्रशाळेत झाली, बाहेरच्या छोट्या अभ्यासांवरून. मोनेच्या गवताच्या गंज्या, ज्यांतल्या १५ त्यानं १८९१ मध्ये पॅरिसला एकत्र मांडल्या, त्यांवरही त्यानं घरी हात फिरवला होता. तुमच्या गटातल्या सोवळ्यांना सांगा.

मी स्वतःपुरता एवढंच पाळतो की घरी कमी करायचं, भर घालायची नाही. एखादी कड पुसून मऊ करतो, बोचणारा ठिपका धुऊन काढतो. जागेवर न दिसलेला पक्षी घरी आकाशात सोडत नाही. हे पक्षी सगळ्या हौशी चित्रांत उजव्या कोपऱ्यातच का उडतात, हे मात्र कोणीतरी मला कळवा.

प्रश्न : माझं वय ७४. गुडघे साथ देत नाहीत, धुळीनं डोळ्यांना त्रास होतो. 'जागेवर बसूनच काढा' हा तुमचा हट्ट माझ्यासारख्यानं कसा पुरवावा? घरात दोन खिडक्या आहेत, एक पूर्वेची, एक उत्तरेची.

उत्तर : खिडकी ही जागाच आहे. कामीय पिसारो या फ्रेंच चित्रकाराला उतारवयात डोळ्याचं जुनाट दुखणं होतं, वारा-धूळ सोसत नसे. १८९७ मध्ये त्यानं पॅरिसमध्ये हॉटेलातली खोली घेतली आणि वरच्या खिडकीतून खालचा मोंमार्त्र बुलव्हार्ड रंगवला: सकाळ, पाऊस, धुकं, रात्र. मोनेनं रूआँचं कॅथीड्रल समोरच्या इमारतींच्या खिडक्यांतूनच केलं. उलट सेझान या फ्रेंच चित्रकाराचं बघा. ऑक्टोबर १९०६ मध्ये, सदुसष्टाव्या वर्षी, बाहेर काम करताना वादळी पावसात सापडला, भिजला, आजारी पडला आणि आठवडाभरात गेला. माझा हट्ट समोरच्या खऱ्या उजेडासाठी आहे, गुडघे झिजवण्यासाठी नाही.

पूर्वेची खिडकी मोहाची आहे, सकाळी तिच्यातून सगळं सोनेरी दिसत असेल. पण तिथे ऊन थेट तुमच्या कागदावर आणि डोळ्यात येईल. उत्तरेची घ्या. वर्षातला बराच काळ तिच्यातून ऊन आत येत नाही, तुमच्या कागदावरचा उजेड तासन्‌तास तसाच राहतो आणि समोरच्या झाडा-घरांवर ऊन तुमच्या पाठीमागून पडतं, सगळं स्वच्छ दिसतं. धूळ नसेल त्या दिवशी खिडकी उघडून बसा. साध्या काचेला किंचित हिरवी झाक असते. बंदच ठेवावी लागली तर आतला दिवा लावू नका, काचेत तुमचंच तोंड दिसायला लागेल. टेबल खिडकीला काटकोनात ठेवा. उजव्या हातानं काम करत असाल तर खिडकी डावीकडे येऊ द्या, म्हणजे हाताची सावली ब्रशच्या टोकावर पडणार नाही.